२००० चौरस मीटरात टोमॅटो लावतोय, खर्च-नफ्याचा हिशेब कुणीतरी बघून सांगा

पेडणे_वायंगण:

नमस्कार मंडळी. मी पेडणे तालुक्यातला, तुयेला एका कंपनीत कंत्राटी कामाला आहे, घरची शेती वडील बघतात. पावसात भात आणि पाणी असेल तर वायंगणाला, म्हणजे पावसानंतरच्या हंगामात, परत भात नाहीतर अळसांदे (चवळी), असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय. तिळारीच्या कालव्याचं पाणी जवळून जातं पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून विहीर आहे, मार्चपर्यंत पाणी पुरतं.

२०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला होता ना, तेव्हापासून डोक्यात बसलंय की एकदा टोमॅटो करून बघायचाच. यंदा गणेश चवथ झाली की रोपं सांगून ठेवायची आणि नोव्हेंबरात २००० चौरस मीटरात लागण करायची असं ठरवतोय. हिशेब असा केलाय, की एका व्हिडिओत एकरी ३० टन सांगतात, माझी जागा अर्धा एकर धरली तर १५ टन. किलोला २५ रुपये धरले (जास्त नाही ना धरले?) म्हणजे ३ लाख ७५ हजार. खर्चात रोपं ६ हजार, खत १५ हजार, औषधं १० हजार, मल्चिंग पेपर ८ हजार, मजुरी २० हजार, गाडीभाडं ५ हजार आणि वरखर्च ६ हजार, सगळे मिळून ७० हजार. म्हणजे ४-५ महिन्यांत ३ लाख हातात राहतात. तसं झालं तर नोव्हेंबरात काम सोडून पूर्णवेळ शेतीतच उतरावं असं वाटतंय, कंत्राटी कामाचं तसंही काही खरं नाही.

वडिलांना कागद दाखवला, ते बरं-वाईट काही बोलले नाहीत, फक्त एवढंच विचारलं की विकणार कुठे. ज्यांनी गोव्यात खरोखर टोमॅटो केलाय त्यांनी माझे आकडे कुठे चुकतायत ते सांगा, न लाजता सांगा.


सत्तरी_मळा:

भाऊ, आधी काम सोडू नको. आता आकडे सांगते, माझी वही समोर घेऊनच बसलेय. आम्ही नवराबायकोनी वाळपईच्या बाजूला बरोबर २००० मीटरातच केला होता, म्हणून तुला जसाच्या तसा हिशेब देता येतो. वही पंपाच्या खोलीत खिळ्याला सुतळीने बांधून ठेवली होती, पेन्सिल पण त्यालाच, कारण घरी येऊन लिहू म्हटलं की ते लिहून होत नाही.

दोन ओळीत ५ फूट आणि दोन झाडात दीड फूट अशी लागण. एकराला ५८०० रोपं बसतात त्या हिशेबाने अर्ध्या एकरात २९०० यायला पाहिजेत, पण बांध, वाट, पाण्याची टाकी सोडून आमच्याकडे २६०० च बसली. रोपं २७०० घेतली, २ रुपयाने, ५४००. नांगरणी, रोटर आणि गादीवाफे ५०००. शेणखत ९०००. आपली माती आंबट, तपासून घेतली तर पीएच ५ च्या जवळ आला, म्हणून २०० किलो चुना लागणीच्या ३ आठवडे आधी, त्याचे दीड हजार वाहतुकीसकट. मल्चिंगचे ४ रोल ८०००. विद्राव्य खतं १२ हजार, त्यात कॅल्शियम नायट्रेट आणि बोरॉन आलं, आमच्या मातीत कॅल्शियम कमी पडलं की फळाची खालची बाजू काळी पडून बसते आणि तो टोमॅटो कुणी घेत नाही. फवारण्या ११ हजार, नाग अळी आणि पांढरी माशी दोन्ही होती. वीज २०००, वरखर्च ३०००.

तू तारकाठी, म्हणजे झाडं बांधायचे बांबू आणि तार, कुठे धरलीच नाहीस. बांबू ५२५ लागले, ३० रुपयाने पावणेसोळा हजार, ते ३ वर्षं चालतात म्हणून वर्षाला सव्वापाच हजार धरले. तार आणि सुतळीचे ४०००. ड्रिपला २५ हजार गेले, ५ वर्षांत वाटले तर वर्षाला ५०००. झटका मशीनचं (विजेचा हलका झटका देणारं) कुंपण २० हजार, तेही ५ वर्षांत, म्हणजे ४०००. सबसिडी मिळेल ती मिळेल, पण खात्यात जमा होईपर्यंत ती हिशेबात धरू नको.

मजुरी ही सगळ्यात मोठी. बाहेरचे मजूर ४५ दिवस लागले, ७०० रुपयाने ३१,५००. लागण, बांधणी, फुटवे काढणं, तोडा, सगळं धरून. क्रेट आणि गाडी ९०००. बेरीज केली तर १ लाख १५ हजार ६५० येते. आणि ह्यात आम्ही दोघं मिळून ८० दिवस राबलो ते धरलेलंच नाही.

आता माल. २६०० मधली ४०० झाडं मर रोगाने गेली, काल हिरवी असलेली दुपारी मान टाकायची आणि ४ दिवसात खलास. उरलेल्या २२०० ना सरासरी ३ किलो मिळाला, ६६०० किलो. त्यातला तडकलेला, अळीचा, बारीक, खालून काळा पडलेला काढून वजनकाट्यावर गेला तो ५८०० किलो. १५ टन विसर भाऊ. ३० टन काढणारे आहेत, पण ते नारायणगाव किंवा कोलारच्या बाजूला, तिथल्या रात्री थंड असतात. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोचं फूल गळतं, फळ धरत नाही, आणि आपल्याकडे मार्च उजाडला की रात्री उकडायला लागतं. आपल्याला चांगले असे अडीच महिनेच मिळतात.

दर पण सांगते. पहिले ५०० किलो ३२ ने गेले, पुढचे १२०० किलो २६ ने. मग फेब्रुवारीत खरा लोंढा आला, २९०० किलो, तो सगळा १७ ने द्यावा लागला. शेवटचे १२०० किलो २२ ने. एकूण आले १ लाख २२ हजार ९००. सरासरी काढली तर २१ रुपये आणि थोडे पैसे. खर्च वजा केला तर ७,२५० रुपये राहिले.

तू एकच दर धरून गुणाकार केलास, तिथेच फसायला होतं. झाडाला जास्त माल तेव्हाच येतो जेव्हा सगळ्यांच्याच झाडांना येतो. आम्ही टोमॅटो सोडला नाही, पण २००० वरून ८०० मीटरावर आलो आणि आता बरं चाललंय.


डिचोली_बागायत:

कुंपणाचं वर लिहिलंच आहे पण मी परत सांगतो, भात कापल्यावर गावातली गुरं मोकाट सुटतात, ती एका रात्रीत तुमचं शेत साफ करतात. आमच्याकडे गवे पण येतात. झटका मशीनवर माकडं थांबत नाहीत, त्यांना पिकू लागलेला टोमॅटो बरोबर दिसतो, म्हणून रंग धरायला लागला की लगेच तोडा, झाडावर लाल होईपर्यंत ठेवू नका.


पेडणे_वायंगण:

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, देव बरे करो. मी हे वाचून दोनदा वही मांडली. एक समजलं नाही, घरच्या माणसांच्या कामाचे पैसे कशाला धरायचे? ते तर आपण कुणाला देत नाही. आणि ड्रिपचे ५००० धरायचे की २५ हजार? खिशातून तर २५ च जाणार ना?


हिशेबी_फोंडा:

दोन्ही प्रश्न चांगले विचारलेस. मी फोंड्यात एका सोसायटीत ३० वर्षं कर्जाचे कागद बघत आलोय, आणि ह्या दोन जागी चांगले कष्टाळू लोक अडकलेले बघितलेत, म्हणून जरा लांब लिहितो.

नफ्याचा हिशेब वेगळा आणि खिशाचा हिशेब वेगळा, दोन वेगळ्या पानांवर मांड. नफा बघताना ड्रिप, बांबू आणि कुंपणाचा फक्त त्या वर्षाचा वाटा धरायचा, ताईंनी धरलाय तसा. पण पहिल्या वर्षी पैसे किती उभे करायचे हे बघताना पूर्ण रक्कम. म्हणजे ताईंच्या १,१५,६५० मधून ते तीन वाटे, ५०००, ५२५० आणि ४०००, काढून टाक आणि त्या जागी २५,०००, १५,७५० आणि २०,००० घाल. १ लाख ६२ हजार १५० होतात. तू ७० हजाराची तयारी करून उतरला असतास तर डिसेंबरात, झाडं कमरेएवढी आलेली असताना, पैसे संपले असते. तेव्हा खत-औषध उधारीवर घ्यावं लागतं आणि मग माल कुठे आणि किती दराने द्यायचा ते तुझ्या हातात राहत नाही. किसान क्रेडिट कार्ड असेल तर ३ लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेवर फेडलं तर ४ टक्क्यांनी पडतं. १ लाख ६० हजारांचे वर्षाचे ६,४०० होतात, तेही खर्चात लिही.

आता घरच्या कामाचं. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग आहे, तो पण खर्च असेच थर लावून मोजतो. खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च तो ए२, त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत मिळवली की ए२ अधिक एफएल, आणि वर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी२. टोमॅटोला हमीभाव नाही त्यामुळे सरकार तुझ्यासाठी हे मोजून देणार नाही, तूच मोजायचं. ताईंचे ८० दिवस ७०० ने धरले तर ५६ हजार होतात. म्हणजे ७,२५० चा नफा नाही, ४८,७५० चा घाटा. दुसऱ्या बाजूने बघ, ८० दिवसांचे ७,२५० म्हणजे दिवसाला ९० रुपये पडले. ताई, राग मानू नका, तुमचे कष्ट बघूनच लिहितोय. आणि भावा, तू काम सोडणार म्हणतोस तर तुझा ५ महिन्यांचा पगार हा ह्या टोमॅटोचा खर्च आहे, तो सगळ्यात वर लिही.

ह्यानंतर एकच आकडा पाठ करायचा, किलोमागे खर्च. १,१५,६५० भागिले ५,८०० म्हणजे जवळजवळ २० रुपये. घरचे कष्ट धरून साडेएकोणतीस. बाजारात दर ऐकला की तो ह्या दोन आकड्यांशी ताडून बघायचा.

अजून एक आकडा असतो तो फार कमी लोक काढतात. तोडा, क्रेट आणि गाडी एवढ्यापुरताच किलोमागे खर्च किती? ताईंच्या ४५ मधले साधारण २० दिवस तोड्याला गेले असतील, १४ हजार, अधिक गाडीचे ९ हजार, म्हणजे ५,८०० किलोला ४ रुपये. फेब्रुवारीत दर १२ वर आला तर लोक २० चा खर्च आठवून चिडतात आणि माल झाडावरच सोडतात. पण तेव्हा बाकीचे १६ रुपये आधीच मातीत गेलेत, ते तोडलं तरी परत येत नाहीत आणि नाही तोडलं तरी येत नाहीत. १२ मधून ४ गेले तरी ८ हातात येतात, म्हणून तोडायचं. दर ४ च्या खाली गेला तरच सोडायचं.

आणि एकच अंदाज मांडू नको, तीन मांड. वाईट वर्षात ४००० किलो आणि १५ चा दर आला तर ६० हजार येतात, तोड्याचा खर्च कमी होऊन खर्च १,०८,४५० होतो, म्हणजे ४८ हजार अंगावर. चांगल्या वर्षात ७५०० किलो आणि २८ चा दर म्हणजे २ लाख १० हजार, खर्च १,२२,४५०, हातात ८७ हजार. मधलं वर्ष ताईंचं. जे ४८ हजार अंगावर येऊ शकतात ते घरातून सोसता येतील का, हे आधी बघायचं. चांगल्या वर्षाचा आनंद नंतर करता येतो.

जुलै २०२३ चं तू लिहिलंस म्हणून सांगतो, तो दर आपल्यासाठी नव्हताच. तेव्हा केंद्राने एनसीसीएफ आणि नाफेड ह्या सहकारी संस्थांकडून शहरांत ९० रुपयाने टोमॅटो विकायला काढला होता, एवढी टंचाई होती. पण जुलैत आपलं शेत पाण्याखाली भाताला असतं. आपला उघड्यावरचा माल जानेवारी ते मार्चमध्ये येतो, आणि तेव्हा बेळगावच्या बाजूचा माल पण भरात असतो, रात्री चोर्ला घाटातून गाड्या उतरतात. म्हापसा-पणजीचा दर त्या गाड्या ठरवतात. तू फक्त जानेवारी ते मार्चचेच दर लिहून काढ, मागच्या दोन-तीन वर्षांचे, आणि त्याचीच सरासरी धर.


काणकोण_कलम:

मर रोगाबद्दल लिहितो कारण आमच्याकडे हिशेब त्यावरच बुडतो. ताईंची २६०० मधली ४०० गेली, माझी पहिल्या वर्षी २००० मधली ९०० गेली होती. मुलाच्या परीक्षेची फी त्या टोमॅटोतून भरायची ठरली होती, ती शेवटी दुसरीकडून आणावी लागली, त्यामुळे हा विषय माझ्या मनाला फार लागलेला आहे.

आधी खात्री करून घ्या की मर जिवाणूचीच आहे. मान टाकलेलं झाड उपटायचं, बुंध्याचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापायचा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात नुसता टेकवून धरायचा, हलवायचा नाही. दोन-तीन मिनिटांत कापाच्या तोंडातून दुधासारखा बारीक धागा पाण्यात खाली उतरताना दिसला की समजायचं जिवाणूची मर आहे, आणि त्यावर औषध मारून पैसे घालवू नका. मी घातले, तीन वेळा ड्रेंचिंग केलं, म्हणजे मुळाशी औषध ओतलं, एक झाड वाचलं नाही.

उपाय दोन आहेत. एक, मर सहन करणारं वाण. बंगळूरच्या संस्थेचं अर्का रक्षक मर, लीफ कर्ल (पानं गुंडाळणारा रोग) आणि लवकर येणारा करपा ह्या तिन्हीला तग धरणारं आहे. दुसरं, वांग्याच्या किंवा रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेलं टोमॅटोचं रोप. ते मला शेतावर पोचवून ९ रुपयाला पडलं, म्हणजे साध्या रोपापेक्षा ७ रुपये जास्त. आता हे परवडतं का ते ताईंच्याच आकड्यावर बघू. वाचलेलं एक झाड ३ किलो देतं, त्यातला काट्यावर जाणारा २ किलो ६४० ग्रॅम. दर २१, त्यातले तोडा-गाडीचे ४ गेले की १७. म्हणजे एक झाड वाचलं की ४५ रुपये वाचले. सहा कलमी रोपांचा जादा खर्च ४२ रुपये. म्हणजे ज्याच्या शेतात सहातलं एक झाड मरतं त्याला कलम जेमतेम भागतं, त्यापेक्षा कमी मरत असतील तर साधं रोपच लावा. माझी जवळजवळ निम्मी मरत होती त्यामुळे मला कलमाशिवाय गत्यंतर नव्हतं, गेल्या वर्षी कलमी १५०० लावली त्यातली ४० गेली.

पण भावा, तुझं शेत वायंगणाचं आहे, पावसात भाताला पाणी तुंबतं, हे तुझ्या फायद्याचं आहे. पाण्याखाली राहिलेल्या भातशेतात ही मर कमी असते. फक्त एक आठव, त्या जागी मागच्या दोन-तीन वर्षांत मिरची, वांगी, बटाटा केला होता का? ही सगळी एकाच घराण्यातली, रोग एकमेकांना देतात. केलं नसेल तर साधं रोप चालेल. आणि भातशेताची माती नोव्हेंबरात पण खाली ओली चिकट असते, गादीवाफा फूटभर तरी उंच कर, नाहीतर मुळं कुजतात आणि आपल्याला वाटतं मरच लागली.

माती जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयातून तपासून घे. कृषी कार्ड नसेल तर तेही लगेच काढ, योजनांना तेच विचारतात.


म्हापसा_शुक्रवार:

मी गेली काही वर्षं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आमचीच भाजी घेऊन बसते. बाबा, तुझे वडील विचारतात तेच खरं आहे, विकणार कुठे. वरच्या सगळ्यांनी शेतातून सुरुवात करून बाजारापर्यंत हिशेब आणला, मी बाजारातून सुरुवात करून शेतापर्यंत नेते.

घाऊकवाल्याला दिला की २१ मिळतात. तोच टोमॅटो मी पाटीसमोर बसून विकते तेव्हा हंगामाची सरासरी ३५ येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात पण हेच आलंय की गिऱ्हाईक टोमॅटोला जो रुपया देतं त्यातले साधारण ३३ पैसेच शेतकऱ्याला मिळतात. म्हणजे खरी कमाई विकणाऱ्याच्या जागेवर आहे. पण हाताने विकायला मर्यादा असते. शुक्रवारी सकाळी ६ ला बसले तर दुपारपर्यंत ६०-७० किलो जातो, त्याच्यावर माझ्याच्याने होत नाही. बायका हातात घेऊन आधी विचारतात, गावचा काय? बेळगावचा लांबट कडक असतो, आपला जरा चपटा, सालीला पातळ, आंबट, माशाच्या कढीत नाहीतर सोलकढीबरोबरच्या कोशिंबिरीत तोच पाहिजे म्हणून दोन रुपये जास्त देऊन घेतात. पण साल पातळ म्हणून तो दोन दिवसावर टिकत नाही, शुक्रवारी उरला तर शनिवारी मऊ पडतो.

गावात, दोन दुकानं आणि एक छोटं हॉटेल धरून रोज १२-१३ किलो. म्हणजे आठवड्याला सगळे मिळून १५० किलो, आणि १२ आठवड्यांचा हंगाम, १८०० किलो. एका झाडाचा काट्यावरचा माल २ किलो ६४० धरला तर १८०० किलोला ७०० च झाडं पुरतात. ७०० झाडांना सव्वापाचशे-साडेपाचशे मीटर जागा. १८०० ला ३५ ने गुणलं तर ६३ हजार. खर्च लहान जागेत थोडा जास्तच पडतो, ३५ हजार धर, आणि १२ शुक्रवारांचं गाडीभाडं आणि बसायचे पैसे ६ हजार. २२ हजार राहतात. आकडा लहान दिसतो पण ताईंना २६०० झाडांवर ७ हजार राहिले आणि मला ७०० वर २२, आणि राबायला पण कमी.

सगळी झाडं एका दिवशी लावू नको. साडेतीनशे आधी आणि साडेतीनशे तीन आठवड्यांनी. मी पहिल्या वर्षी सगळी एकदम लावली होती, एका तोड्याला २०० किलो निघाला आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती, शेवटी शेजाऱ्यांना वाटला. उरलेल्या जागेत तांबडी भाजी आणि अळसांदे कर, त्याच पाटीवर जातात, आणि टोमॅटोचं गिऱ्हाईक तेही घेऊन जातं. मोठा माल निघाला तर फलोत्पादन महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांकडून भाजी घेतं, तिथे आधी जाऊन विचारून ठेव, तोडा झाल्यावर धावू नको.


पेडणे_वायंगण:

सगळ्यांचं वाचून काढलं, काल रात्री वडिलांना पण पूर्ण वाचून दाखवलं. म्हापशाच्या काकींचं वाचताना ते म्हणाले, ह्या बाईने बरोबर उलटीकडून मोजलं.

नवा हिशेब मांडलाय, बघा. काम सोडत नाही, दुसरी पाळी मागून घेतली आहे म्हणजे सकाळी ११ पर्यंत शेतात राहता येईल. ७०० झाडं, ३५० नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ३५० डिसेंबरच्या सुरुवातीला. त्या जागी मिरची-वांगी कधीच केलेली नाही, वडिलांनी खात्रीने सांगितलं, म्हणून ६०० साधी रोपं आणि एका टोकाला १०० कलमी लावून बघतो, म्हणजे आमच्या मातीत किती मरतात हे पुढच्या वर्षासाठी कळेल. आई शुक्रवारी म्हापशाला बसायला तयार आहे, मावशी तिथे आधीपासून बसते. आठवड्याला १०० किलोच विकला जाईल असं धरलंय, १५० नाही, कारण आम्हाला गिऱ्हाईक नवीन. म्हणजे १२०० किलो ३५ ने ४२ हजार, उरलेला ६०० किलो १७ ने घाऊकला, १० हजार २००. मिळून ५२ हजार. खर्च काकींचा ३५ आणि ६ धरला तर ११ हजार उरतात. घरच्या तिघांचे मिळून ३५ दिवस लागतील असं वाटतं, म्हणजे दिवसाला ३०० पेक्षा थोडे जास्त. मजुरीएवढे नाही पडत हे दिसतंय मला, पण वाईट वर्ष आलं तरी १५ हजाराच्या आसपासच अंगावर येतात, ते आम्ही सोसू शकतो. मार्च संपला की वहीतले खरे आकडे इथेच टाकीन.

एक विचारायचं होतं, बांबू इकडे ३० ला मिळत नाही, ४५ सांगतात. साडेपाचशे मीटरला किती लागतील?


सत्तरी_मळा:

आमचे २००० मीटरला ५२५ लागले त्या मानाने तुला १४० ते १४५ पुरतील, टोकांना जरा जाड घे कारण तारेचा ताण तिथे येतो. पण विकत घेऊ नको. आम्ही ८०० मीटरावर आलो तेव्हापासून आमचे तीनशेच्या वर पडवीत उभे करून ठेवलेत, गेल्या वर्षीचे आहेत, अजून एक-दोन हंगाम सहज काढतील. खालच्या हातभर भागाला डांबर लावलेलं आहे, वाळवी लागलेली नाही. फक्त लावायच्या आधी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून ठेव, गेल्या वर्षीचा रोग बांबूवरून नव्या झाडाला येतो. दुकानात ह्याच नावाने मागितलंस की देतात. पिकअप घेऊन रविवारी ये, दुपारी ३ नंतर आम्ही मळ्यावरच असतो. पैसे नकोत, मार्चमध्ये तुझी वही वाचायला दे.